येझदीची किक आणि चाळीसगावचा टांगा

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली. चपला शोधत होतो, तेवढ्यात एक तरुण आमच्याजवळ येऊन उभा राहिला. कुरिअरच्या कामावर जाणारा, हसतमुख मुलगा.

"जयभीम काका. तुमच्याकडं जुनी येझदी आहे ना? आमच्या बाबांची पण घरामागं पडून आहे. ते गेल्यापासून चार वर्षं कुणी हात लावला नाही. भंगारवाला वजनावर मागतोय. आई देऊ देत नाही, आणि मला तिचं काय करावं ते समजत नाही."

आम्ही त्याच्या घरी जाऊन गाडी पाहिली. ताडपत्री उचलली तर सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. दोन्ही टायरांना भेगा, साखळी गंजून ताठ, पण टाकीवरचा जुना लाल रंग बोटाने पुसल्यावर अजून चमकत होता. मुलाची आई दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, ह्या गाडीवर मला सासरी आणलं होतं त्यांनी."

वाचकहो, आपल्या अनेक घरांच्या मागे, जिन्याखाली, गोठ्याच्या आडोशाला अशी एखादी राजदूत, येझदी, जावा किंवा बुलेट पडून आहे. बापाने नोकरीत पोट मारून घेतलेली. तिचे काय करावे, हा प्रश्न एकट्या त्या मुलाचा नाही. म्हणून आज या सदरात जुन्या मोटारसायकलीविषयीच बोलू.

आमच्या घरची गाडी १९७४ सालची येझदी. आमचे वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते. आम्ही सगळी भावंडे त्यांना दादा म्हणत असू. त्यांनी ही गाडी १९८४ साली एका सोबत्याकडून साडेचार हजारांना घेतली. त्यातले दीड हजार आईच्या भिशीचे होते. त्यामुळे गाडी दारात उभी राहिली तेव्हा आई म्हणाली, "पुढचं चाक माझं."

येझदीची कूळकथा थोडक्यात सांगतो. मूळची जावा ही युरोपातल्या चेकोस्लोव्हाकिया देशाची गाडी. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर कंपनीच्या गाडीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. आपल्याकडे इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरला ती बनवायला सुरुवात केली. १९७३ पासून त्याच कारखान्यातल्या गाडीवर येझदी हे नाव आले. अडीचशे सी.सी.चे, टू-स्ट्रोक, एका पिस्टनचे इंजिन आणि दोन बाजूंना दोन सायलेन्सर. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. अलीकडे २०१८ पासून जावा आणि २०२२ पासून येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली. पण त्या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या आहेत. आपल्या बापाची गाडी ती नव्हे.

त्या गाडीची एक गंमत होती. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, आणि गाडी सुरू झाल्यावर खाली आणला की तोच गिअर. नवख्या माणसाला किक कुठे आहे तेच सापडत नसे. दादा म्हणत, "ह्या गाडीला कुलूप नको. चोराला आधी शिकवणी लावावी लागेल."

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याला अर्थ नाही.

१९८५ च्या भीमजयंतीला दादा ही गाडी घेऊन प्रथम आमच्या मूळ गावी गेले. आम्ही तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे, मागे बसलेलो. गावात शिरून बौद्धवाड्याकडे जायचे तर चावडीवरूनच रस्ता. वेशीजवळ आमची आजी वाट पाहत उभी होती. तिने हात जोडून दादांना सांगितले, "पोरा, गाडी बंद कर. चावडी ओलांडेस्तोवर पायी चल. तू उद्या भुसावळला जाशील, मला इथंच राहायचं आहे."

दादांनी गाडी बंद केली. आम्हांला खाली उतरवले. गाडी हाताने ढकलत, मान खाली घालून ते चावडीवरून गेले. पारावर बसलेली माणसे पाहत होती. वाड्यात आल्यावर दादांनी पुन्हा किक मारली नाही. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

पुढच्या वर्षी जयंतीला आजी पुन्हा वेशीवर होती. दादांनी गाडी थांबवली, आजीला म्हणाले, "आई, बस मागं." आम्ही उतरून मागून धावलो. सत्तरीची म्हातारी दोन्ही हातांनी मुलाचा सदरा धरून बसली आणि दोन सायलेन्सरची ती गाडी चावडीवरून गेली. येझदीला दबक्या आवाजात चालताच येत नाही. सगळ्या गावाने ऐकले.

त्या रात्री कुणीतरी गाडीच्या टाकीत माती टाकली.

सकाळी किक लागेना. टाकीचे झाकण उघडले तेव्हा सारे समजले. वाड्यातली तरणी पोरे काठ्या घ्यायला निघाली. दादांनी त्यांना थांबवले. सीटखालची हत्यारांची पिशवी काढली, एक गोधडी अंथरली आणि सर्वांसमक्ष टाकी उतरवली. माती धुतली, पेट्रोलचा नळ सोडवला, जाळी साफ केली. कार्ब्युरेटर उघडून त्याची जेट तोंडाने फुंकून मोकळी केली. कुणी रॉकेल आणून दिले, कुणी फडके, कुणी शेजारच्या गावातून बाटलीभर पेट्रोल. तासाभरात गाडी सुरू झाली. मग दादांनी तीच गाडी चावडीवरून एकदा जाऊन परत आणली. पाटलाच्या घरातला एक म्हातारा तेवढा म्हणाला, "मेकॅनिक आहेस वाटतं?" दादा म्हणाले, "नाही, मालक आहे."

हे उत्तर आम्ही कधी विसरलो नाही. त्याचा पुरता अर्थ मात्र दोन वर्षांनी कळला. १९८८ साली आम्हांला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. दादा गाडीवरून सोडायला आले होते आणि सामानाची सोय पाहून आम्ही दोघे एकदा परत निघालो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावात आलो. दादांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "इथं बाबासाहेबांचा पाय मोडला होता. ठाऊक आहे ना?"

बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. धुळ्याकडचे काम आटोपून २३ ऑक्टोबर १९२९ रोजी ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. स्थानिक बांधवांनी रात्री राहण्याचा आग्रह केला. महारवाडा स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. पण आपल्या नेत्याला पायी नेणे लोकांना बरे वाटेना. टांगा ठरवायला गेले, तर एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नाही. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, पण हाकायचा तुम्हीच. आपल्यातला एक माणूस लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर टांग्याचे चाक आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह खाली नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

बाबासाहेबांनी त्या लोकांना दोष दिला नाही. त्यांचे प्रेम त्यांनी ओळखले होते. बालपणी, १९०१ साली, मसूर स्टेशनवरून वडिलांकडे निघाले तेव्हाही हाच प्रकार झाला होता. जात कळल्यावर कुणी गाडीवाला न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनी हाकायची, गाडीवाला सोबत पायी चालणार, असा करार झाला. तहानलेल्या लेकरांनी तो प्रवास कसा केला, ते आपण सर्वांनी वाचले आहे.

दादा त्या दिवशी एवढेच म्हणाले, "टांगा मिळाला होता रे. हाकता येणारा माणूस आपल्याकडं नव्हता. वस्तू पैशानं येते. ती चालवायची विद्या आपल्या हातात नसेल तर मान राहतो आणि पाय मोडतो."

वाचकहो, जुन्या मोटारसायकलीच्या निमित्ताने आम्हांला हेच सांगायचे आहे. गाडी असणे ही अर्धी मालकी. गाडी समजणे ही उरलेली अर्धी. आता त्या उरलेल्या अर्ध्याकडे वळू.

जी गाडी वर्षानुवर्षे उभी आहे, तिला उत्साहाच्या भरात किक मारू नये. आत पिस्टन आणि सिलिंडर यांच्यावर गंज धरलेला असतो. कोरडीच किक मारली तर ओरखडे पडतात आणि शे-दोनशे रुपयांच्या कामाचे हजारांत जाते. आधी प्लग काढावा. त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडावे आणि एक रात्र तसेच राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच किक हाताने दाबून इंजिन हळूहळू फिरवावे. फिरले तर निम्मी लढाई जिंकली. जाम असेल तर जोर लावू नये. आणखी एक-दोन दिवस ऑइल मुरू द्यावे, मग जाणत्या माणसाला दाखवावे.

नंतर टाकी. जुने पेट्रोल पूर्ण काढावे. आत गंज असेल तर मूठभर नटबोल्ट आणि थोडे रॉकेल टाकून टाकी हलवावी, ती आतून खरवडून निघते. नट मोजून टाकावेत आणि मोजूनच काढावेत. हे काम उघड्यावर करावे. जवळ चूल, बिडी, दिवा नको, आणि लेकरांना लांब ठेवावे. पेट्रोलची रबरी नळी, ब्रेकच्या व क्लचच्या केबली आणि टायर-ट्यूब या वस्तू नव्याच घालाव्यात. टायरवरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते, रस्त्यावर दगा देते.

येझदी, जावा, राजदूत, आर.एक्स. हंड्रेड या टू-स्ट्रोक गाड्या. आमच्या येझदीत पिस्टनला ऑइल मिळते ते पेट्रोलमधूनच. वेगळी सोय नाही. लिटरमागे साधारण चाळीस मिलिलिटर टू-टी ऑइल, म्हणजे पाच लिटरला दोनशे. वाचवावे म्हणून ऑइल कमी घातले तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. जास्त घातले तर धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोंदतो. मोटारीचे काढलेले जळके ऑइल घालणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या गाड्याही पाहिल्या आहेत.

कन्नडचा घाट उतरताना दादांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. टू-स्ट्रोक गाडी लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गिअरमध्येच सोडू नये. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन तर फिरतच असते. मधूनमधून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. आणि या गाड्यांचे ब्रेक जुन्या ड्रमचे आहेत हे ध्यानात ठेवून पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावे. हेल्मेट चालवणाऱ्याने घालावे आणि मागे बसणाऱ्यानेही.

प्लग हा गाडीची जीभ आहे. डॉक्टर जीभ पाहतो तसा तो काढून पाहावा. विटकरी रंग असेल तर तब्येत उत्तम. काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढुरका असेल तर हवा जास्त, इंजिन तापते आहे. प्लगची फट साधारण ०.६ मिलिमीटर आणि पॉइंटची ०.४ मिलिमीटर ठेवावी. मोजायला फीलर गेज लागते. ते महाग नाही. दादा गेज नसताना पोस्टकार्डाचा कागद घालून अंदाज घेत. पण तो फिटरचा हात होता, आपण गेजच वापरावे. गाडी अचानक पांढरा धूर ओकू लागली आणि गिअरबॉक्समधले ऑइल आपोआप कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे सील गेले असे समजावे. उभ्या राहिलेल्या गाडीत सील वाळून जाते, हे नेहमीचे दुखणे आहे.

आता एक नवी अडचण. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. जुन्या गाडीची लोखंडी टाकी त्याने लवकर गंजते आणि जुने रबर मऊ पडते. म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन्महिने साठवून ठेवू नये. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. हे अंगणात करावे. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, तो धूर माणूस मारतो.

धुराचा विषय निघाला तर खरे बोलू. या गाड्या हवा खराब करतात. रोज कामावर जायला नवी गाडी किंवा बस बरी. जुनी गाडी आठवड्यातून एकदा, जपून, इंजिन नीट ठेवून चालवावी. आपल्या आठवणीचा धूर शेजारच्या लेकराच्या छातीत जाता कामा नये.

आमची एक चूकही सांगतो. दादा गेल्यावर काही वर्षे आम्ही गाडीकडे पाहिलेच नाही. मग एकदा हौसेने ती एका गॅरेजवाल्याकडे टाकली आणि 'सगळं करून दे' म्हणून निघून आलो. महिन्याने गाडी चकचकीत होऊन आली. पण मूळचा कार्ब्युरेटर जाऊन तिथे भलताच बसला होता, आणि दोन्ही सायलेन्सर पातळ पत्र्याचे नवे. आम्ही तक्रार केली तर तो म्हणाला, "तुमचं जुनं खराब होतं, फेकून दिलं." आम्हांला पुरावा देता आला नाही, कारण आम्ही गाडी देताना तिच्याकडे पाहिलेच नव्हते. वास्तविक जुन्या गाड्यांच्या मूळ भागांना आज चांगली किंमत आहे. म्हणून गाडी गॅरेजला देण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढावेत, इंजिन आणि चासी नंबर वहीत लिहावेत, बदललेला प्रत्येक भाग परत मागावा, आणि शक्यतो काम चालू असताना शेजारी बसावे. बसल्या बसल्या विद्या मिळते, ती फुकट.

आणि कागद! आपले लोक गाडी पुसतात, कागद पुसत नाहीत. मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी फॉर्म २५ भरून आर.टी.ओ.त गाडी दाखवावी लागते, शिवाय आपल्या राज्यात जुन्या गाडीला पर्यावरण कर आहे. फीचे आकडे बदलत असतात, म्हणून खिडकीवरच विचारावे, एजंटाच्या तोंडचा आकडा धरू नये.

घरचा कर्ता माणूस गेला आणि गाडी त्याच्या नावावर असेल, तर वारसाने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, आम्हांलाही सुचले नव्हते. मग वर्षांनी धावपळ करावी लागते, दंड पडतो, भावाभावांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीत वारस म्हणून नाव लावून ठेवण्याची सोय झाली आहे. जिवंतपणी ते काम उरकावे. आपल्या मायबहिणींनी हे नवऱ्याच्या मागे लागून करून घ्यावे, त्यात अशुभ काही नाही.

२०२१ सालीच केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणीही सुरू केली. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. नंबरात 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात, नोंदणी दहा वर्षांची आणि सुरुवातीची फी वीस हजार रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. आमची गाडी वयाने त्यात बसते, पण आम्ही साधी नोंदणीच चालू ठेवली. आमच्या येझदीला काचेच्या कपाटात बसायची सवय नाही.

दसऱ्याला गाडीला हार, नारळ आणि लिंबू-मिरची बांधण्याची चाल सगळीकडे आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही ती मागच्या दाराने शिरते. दादांनी त्यावर आपली युक्ती काढली होती. अशोक विजयादशमीच्या सकाळी वंदना झाली की आम्ही सगळी भावंडे अंगणात गोधडी अंथरून बसायचो. प्लग साफ, पॉइंट साफ, साखळीला ऑइल, हवा, ब्रेक, नटबोल्ट. वर्षातून एकदा सायलेन्सरच्या आतली नळी काढून साठलेला कार्बन खरवडायचा, हे काम धाकट्याचे, कारण तो नाहीतरी काळाच होत असे. शेजारी विचारायचे, "पूजा झाली का गाडीची?" दादा म्हणायचे, "झाली की. बघा, हात केवढे काळे झालेत." भगवान बुद्धांनी अप्रमाद शिकवला. आम्हांला त्याचा अर्थ पोथीच्या आधी पान्याने कळला. सैल झालेला नट लिंबाला भीत नाही.

दोन वर्षांमागे जुलै महिन्यात आमची थोरली लेक म्हणाली, "पप्पा, चाळीसगावला जाऊ. आजोबांनी तुम्हांला दाखवलं, तुम्ही मला कुठं दाखवलं?" जुलैतला दुसरा रविवार देशभरातले लोक जावा-येझदीचा दिवस म्हणून पाळतात, गाड्या काढून एकत्र जमतात. आम्ही दोघांनीच पाळला. भुसावळहून जळगाव, पाचोरा, भडगाव मार्गे निघालो. गाडी ती चालवत होती, आम्ही मागे.

पाचोऱ्याच्या पुढे गाडीने खोकल्यासारखे केले आणि बंद पडली. पाऊस भुरभुरत होता. दोन पोरे थांबली. एक आम्हांला म्हणाला, "काका, ताईंना उतरवा, मी किक मारतो." त्याला किक सापडेना. लेक हसली. तिने सीटखालची आजोबांची पिशवी काढली, प्लग सोडवला, बोटावर धरून पाहिला, "काळा आणि ओला," म्हणाली. रुमालाने पुसला, पॉलिश पेपरने घासला, तार लावून इंजिनाला टेकवला आणि त्या पोराला म्हणाली, "आता मी किक मारते, तू ठिणगी बघ." निळी ठिणगी पडली. प्लग जागेवर बसवून तिने एका किकेत गाडी सुरू केली. ते पोर तोंड उघडे टाकून पाहत राहिले आणि मग म्हणाले, "ताई, मेकॅनिक आहात का?"

आम्हांला वाटले, आता ती दादांचे उत्तर देईल. पण तिने ते ऐकलेले नव्हते. ती म्हणाली, "नाही. गाडी आमची आहे."

कुणी म्हणेल, जुन्या लोखंडाचे एवढे काय घेऊन बसलात? चावडीचे दिवस गेले. ते गेले असते तर आम्हीही हा लेख लिहिला नसता. २०२५ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हातांवर शस्त्राने वार झाले. तो बुलेट चालवतो, हेच वार करणाऱ्यांना खुपले, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे आहे. पोलिसांनी तिघांना अटक केली. वार कुठे झाले पाहा, ज्या हातांनी तो गाडी धरत होता त्या हातांवर. आमच्या गाडीच्या टाकीत माती टाकणारा हात आणि हा हात, यांच्यात अंतर वर्षांचे आहे, जातीचे नाही. म्हणून आपल्या मुलांच्या हातांत गाडी द्या, त्याबरोबर कायदाही द्या, कागदही द्या आणि पानाही द्या.

त्या कुरिअरवाल्या तरुणाचे काय झाले, ते सांगून थांबतो. भंगारवाल्याला त्याने परत पाठवले. कोंबडीची पिले बाहेर पडेपर्यंत थांबायचे, असे त्याच्या आईने ठरवले, ते आम्हांलाही पटले. नंतर एका रविवारी आम्ही दोघांनी प्लग काढून ऑइल सोडले. तिसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरले. कागद निघाले ते तांदळाच्या डब्यात, एका पिशवीत गुंडाळलेले, त्याच्या आईने जपलेले. फॉर्म ३१ भरला आहे. टायर पुढच्या पगाराला येतील.

मोटार ट्रेडची आय.टी.आय. करावी काय, असे तो परवा विचारत होता. आम्ही म्हणालो, आधी स्वतःची गाडी उघडून पुन्हा जोड. एकही नट उरला नाही तर अर्ज कर.

जयभीम.